राहून गेलेली ओळ

सोमवारी सकाळी आठ वाजता पोस्टमन मिल्क बँकेच्या दारात आला तेव्हा सिस्टर बेसिनपाशी उभ्या राहून दूध ओतून देत होत्या. एक बाटली, मग दुसरी, मग तिसरी. झाकण काढायचं, चिठ्ठीवरचा नंबर वाचायचा, वहीत त्या नंबरापुढे फुली मारायची आणि बाटली उलटी करायची. नळ सोडलेला होता. दूध पाण्यात मिसळून जाळीतून खाली जात होतं. जाळीवर साईचा पातळ थर साचला की सिस्टर तो बोटाने बाजूला सारत होत्या.

त्याला वाटलं होतं, प्रिंटर अडला असेल. सोमवारी सकाळी त्याला बोलावणं येतं ते बहुधा प्रिंटरसाठीच.

"काय झालं?"

"दिसत नाही?" सिस्टरांनी मान वळवली नाही. "फ्रीजर गेला. शनिवारी संध्याकाळीच गेला असणार. तीनशे चाळीस बाटल्या. आणि तुमची ती पेटी, पोस्टमन, तोंड मिटून बसली होती."

वरच्या मजल्यावर काचेच्या घरांत नऊ बाळं होती, दिवस भरायच्या आत आलेली. सगळ्यात लहान होतं ते नऊशे ग्रॅमचं. ज्यांच्या आईला अजून दूध उतरलं नव्हतं त्यांच्यासाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं हे दूध. ते उणे वीसवर गोठवून ठेवायचं. एकदा वितळलं की पुन्हा गोठवता येत नाही. रविवारचा आणि सोमवार दुपारपर्यंतचा पुरवठा सिस्टरांनी शनिवारीच वरच्या छोट्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवला होता, म्हणून रविवारी इथे कुणी फिरकलं नव्हतं. दुपारनंतर काय पाजायचं, याचं उत्तर या घटकेला कुणाकडेच नव्हतं.

पोस्टमनने भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला. छोट्या पडद्यावर आकडा होता: अधिक नऊ. म्हणजे पेटीला सगळं ठाऊक होतं. फ्रीजरमधली थंडी उतरली तर तीन फोनांवर निरोप पाठवायचा, एवढ्यासाठीच तर ती तिथे बसवली होती. बसवली होती त्यानेच, चार महिन्यांपूर्वी.

त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या धंद्यातल्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं. विचार करून निघालं नाही, शिंक यावी तसं आलं.

"वायर कुणी हलवली?"

या माणसाची बावीस वर्षं या एका प्रश्नात मावतात. एकोणिसाव्या वर्षी तो एका ठेकेदाराकडे छताच्या पोकळीतून वायरी ओढायच्या कामाला लागला. पुढे या इस्पितळात चिकटला, तो चिकटलाच. गुडघे जमिनीवर घासून काळे झाले. एकदा जेवणाच्या सुट्टीत वॉर्डातल्या कुणीतरी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय हो?" हा म्हणाला, "यंत्रांना पत्ते देतो." त्या दिवसापासून तो पोस्टमन झाला. पगाराच्या कागदावरचं नाव आता फक्त पगाराच्या कागदावरच राहिलं.

पूर्वी तो खरोखरच हाताने पत्ते द्यायचा. प्रत्येक यंत्रापाशी जायचा, आकडे भरायचा, वहीत लिहायचा. मग यंत्रं शेकड्यांनी वाढली आणि त्याने त्यांना मागायला शिकवलं. यंत्र चालू झालं की तेच हाक मारतं, मला पत्ता हवा. नेटवर्कवर त्या कामासाठी बसलेलं दुसरं यंत्र उत्तर देतं, हा घे पत्ता, इतके तास तुझा, आणि बाहेर जायचं असेल तर वाट इकडून आहे. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात आणि मागणाऱ्याला क्लायंट. पोस्टमनच्या मते साऱ्या इस्पितळात एवढ्या सभ्यपणे बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. "तुम्ही डॉक्टरलोक एकमेकांशी असं बोललात," तो म्हणायचा, "तर निम्मे रुग्ण बोलण्यानेच बरे होतील."

त्याचं काम कधी परत आलं नाही, हा त्याचा अभिमान. एकदा लावलं की विसरायचं. तक्रार आलीच तर कुणीतरी पाय अडकवून वायर ओढलेली असायची, झाडताना, स्टूल सरकवताना, फोन चार्जिंगला लावताना. बावीस वर्षांत शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो प्रश्न बरोबर ठरला होता.

त्या सकाळीही ठरला. त्याने आधी पेटी बंद करून चालू केली. मिनिटभरात त्याचा फोन वाजला, पाठोपाठ सिस्टरांच्या एप्रनच्या खिशातला: मिल्क बँक फ्रीजर, अधिक नऊ. सिस्टरांनी ओल्या हाताने फोन काढून पाहिला आणि तो बेसिनच्या कडेला ठेवला, जणू तो आता कुणाचाच नव्हता.

"आता बोलतेय," त्या म्हणाल्या. "आता."

मग त्याने पेटीची नोंदवही उघडली. पेटी आपल्या प्रत्येक हालचालीची एक ओळ लिहून ठेवते. प्रशासनाच्या मॅडम तोवर खाली आल्या होत्या. त्याने मोठ्याने वाचलं, "शनिवार, अकरा वीस, दुसऱ्या कार्डाची वायर निघाली. अकरा चोवीस, वायर लागली."

"शनिवारी अकराला इथे कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

मावशी होत्या. दर शनिवारी फ्रीजर पुढे ओढून त्याच्या मागची फरशी पुसायचं काम त्यांचं. त्यांना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. बेसिनातल्या रिकाम्या बाटल्यांकडे बघून त्यांनी पदर तोंडावर धरला.

"वायर काढली होती मी. फ्रीजर पुढे येत नव्हता. पण लावली की परत."

"नीट लावली का?"

"खट्ट वाजली."

"सैल राहिली असणार," पोस्टमन म्हणाला. अगदी सहज म्हणाला. "अर्धवट बसली की दिवा लागतो, पण निरोप जात नाही. होतं असं."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. चौदा वर्षं त्या या इस्पितळात फरशी पुसत होत्या. "मला तर खट्ट ऐकू आलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण तुम्ही म्हणताय तर नसेल वाजली."

दुपारी एका कागदावर त्यांची सही घेतली: वायर माझ्याकडून सैल राहिली. बुधवारपासून त्यांनी यायचं नव्हतं.

पोस्टमन आपल्या खोलीत येऊन अहवाल लिहायला बसला. अहवालाला नोंदी जोडायच्या होत्या म्हणून त्याने त्या पुन्हा उघडल्या, आणि सकाळी जिथे थांबला होता त्याच्या खाली वाचत गेला. केवळ सवयीने.

अकरा चोवीस, वायर लागली. गती पूर्ण. वायर सैल असती तर ही ओळ आली नसती. तिथून सोमवार सकाळपर्यंत ती एकदाही निघाली नव्हती.

त्याच मिनिटाची पुढची ओळ: दुसऱ्या कार्डाने पत्ता मागितला. मिळाला. बाहेरची वाट मिळाली. जुनी वाट काढली, नवी लावली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती.

त्या पेटीला दोन कार्डं होती, म्हणजे दोन दारं. पहिलं इस्पितळाच्या मोठ्या नेटवर्ककडे उघडायचं. निरोप तिथूनच बाहेर जाणार. दुसरं दार फ्रीजरच्या आतल्या इवल्याशा नेटवर्ककडे, तापमान विचारण्यापुरतं. तिथे पत्ते वाटणारा फ्रीजरच, आणि पत्त्याबरोबर तो बाहेरची वाट म्हणूनही स्वतःकडेच बोट दाखवायचा. ती वाट कुठेच जात नव्हती. म्हणून दुसऱ्या कार्डाच्या मांडणीत एक ओळ जास्त लिहायची असते: पत्ता घे, वाट घेऊ नकोस. पोस्टमनने ती लिहिली नव्हती. पहिल्या कार्डाच्या ओळी उचलून त्याने खाली चिकटवल्या होत्या आणि 'पहिला'च्या जागी फक्त 'दुसरा' केलं होतं. ती ओळ त्याला माहीत नव्हती असं नाही. दुसऱ्यांना त्याने ती शिकवली होती.

पेटी सुरू होताना फ्रीजर लगेच उत्तर द्यायचा, मोठं नेटवर्क सावकाश. जी वाट शेवटी मिळेल ती खरी, असा त्या पेटीचा हिशेब. म्हणून चार महिन्यांपूर्वी चाचणी पास झाली, सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, आणि म्हणूनच सकाळी बंद करून चालू केल्यावर निरोप आला. शनिवारी मात्र मावशींनी वायर परत लावली, अगदी खट्ट आवाज येईपर्यंत, आणि दुसऱ्या कार्डाने पुन्हा हाक मारली. फ्रीजरची वाट या वेळी शेवटी आली.

त्याच्या खाली शहात्तर ओळी होत्या. शनिवारी संध्याकाळी सहा दहापासून दर अर्ध्या तासाला एक. निरोप पाठवला, उत्तर नाही. निरोप पाठवला, उत्तर नाही. फ्रीजर मरतोय ही बातमी पेटी सदतीस तास फ्रीजरलाच सांगत होती.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, पंपाचा फस्स फस्स आवाज येत होता, आणि त्याला कळेना की हा आवाज आत्ताच सुरू झाला की केव्हाचा चालू आहे. मी, तो मनात म्हणाला.

संध्याकाळी बायको टेबलावर पेपर तपासत बसली होती. ती तिसरीला शिकवायची.

"अहो, तो चहा गार झाला. दुसरा करू, की हाच गिळणार?"

"मावशींना काढतायत."

"वायरवाल्या? दुपारी फोनवर तुम्हीच म्हणालात ना, त्यांनी सैल ठेवली म्हणून."

"सैल नव्हती."

तिचं लाल पेन थांबलं. "मग?"

"चूक माझी आहे. पहिल्यापासून. मांडणीतच."

"तुमची?" ती अशा स्वरात म्हणाली की याने दुसरं लग्न केल्याचं सांगितलं असतं तरी स्वर एवढाच चढला असता. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुकांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. "कुणाला कळलंय?"

"नाही. कळणारही नाही. ते वाचता येणारा तिथे मी एकटाच."

"म्हणून मला सांगताय होय? म्हणजे कुणाला तरी सांगितलं असं वाटावं."

त्याने गार चहा एका घोटात संपवला.

"आता मला विचारू नका काय करू म्हणून," ती म्हणाली. "सांगू नका म्हटलं तर जन्मभर माझ्या नावावर टाकाल. सांगा म्हटलं आणि नोकरी गेली, तरी माझ्याच नावावर. मी काय तुम्हाला आज ओळखते?" तिने पेपर पुढे ओढला, एका बेरजेवर फुली मारली, मग खाली वाकून पाहिलं आणि ती फुली खोडली. "बरोबर होतं हिचं. तुमच्यामुळे."

मंगळवारी सकाळी तो मॅडमच्या खोलीत उभा राहिला. रात्रभर पाठ केलेली वाक्यं त्याने म्हटली: कार्ड, वाट, ओळ. मॅडमनी ती शांतपणे ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमचा स्वभाव चांगला आहे. त्या बाईसाठी तुम्हाला वाईट वाटतंय, हे मला समजतं. पण तिने वायर काढली हे खरं आहे. तिची सही आहे."

त्याला धक्का बसला तो इथे. त्याने चूक कबूल केली होती आणि समोरच्या माणसाला ती दया वाटली होती. बावीस वर्षांच्या चोख कामाने त्याच्याभोवती अशी भिंत उभी केली होती की आतून मारलेली हाक बाहेर जाईना.

"पाच मिनिटं खाली चला," तो म्हणाला. "फोन घेऊन."

मिल्क बँकेत दुरुस्त झालेला फ्रीजर रिकामाच घुरघुरत होता; बाळांचं दूध काल दुपारपासून दुसऱ्या इस्पितळातून येत होतं. सिस्टर होत्या. मावशीही होत्या, शेवटच्या दिवसाची फरशी पुसत. पोस्टमनने तिन्ही फोन, सिस्टरांचा, मॅडमचा आणि स्वतःचा, टेबलावर ओळीने ठेवले. फ्रीजरमधून तापमानाची सळई काढली आणि मुठीत धरली. सळई इतकी गार होती की तळव्याला चिकटली.

मिनिटभरात तिन्ही फोन एकापाठोपाठ वाजले. मॅडम दचकल्या.

"आता बघा." सळई आत ठेवून आकडा खाली जाईपर्यंत तो थांबला. मग गुडघ्यांवर बसला, दुसऱ्या कार्डाची वायर काढली, चार अंक मोजले आणि परत लावली. खट्ट. त्या लहानशा खोलीत तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मावशींचं पुसणं थांबलं.

त्याने सळई पुन्हा मुठीत धरली. पेटीच्या पडद्यावरचा आकडा चढू लागला. उणे दहा. उणे दोन. अधिक सहा. अधिक एकोणीस. हिरवा दिवा तसाच. मिनिट झालं. दोन झाली. तिघांचे डोळे फोनांवर होते. फोन काळे होते. तीन मिनिटं झाली तेव्हा सिस्टरांनी आपला फोन उचलून कानाशी धरला, बंद पडलेल्या घड्याळाला कान लावावा तसा, आणि खाली ठेवला.

"वायर घट्ट आहे," पोस्टमन म्हणाला. "ओढून बघा."

मॅडम वाकल्या आणि त्यांनी खरंच ओढून पाहिली. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे कुणीही..."

"कुणीही काढून लावली असती तरी हेच झालं असतं. मी लावली असती तरी. मावशींनी बरोबर लावली होती. मला एक ओळ लिहायची होती, ती राहिली."

सिस्टर मावशींकडे न बघता म्हणाल्या, "काल मी हिला काय काय बोलले. बाळांचे तळतळाट लागतील म्हणाले." त्या पोस्टमनकडे वळल्या. "आणि तुम्ही समोर उभे होतात, पोस्टमन."

"काल सकाळी मला माहीत नव्हतं."

"दुपारी?"

"दुपारी होतं."

मॅडमनी हातातल्या फाइलमधून मावशींच्या सहीचा कागद काढला, आडवा फाडला, आणि कुठे टाकावा ते न कळून मुठीतच ठेवला. "मावशी, तुम्ही उद्या नेहमीसारख्या या. तुमचं काय करायचं," त्या पोस्टमनला म्हणाल्या, "ते मला आत्ता सुचत नाही. लेखी द्या सगळं."

तो मान हलवून निघणार, तेवढ्यात सिस्टरांनी विचारलं, "अशा पेट्या किती आहेत?"

"अं?"

"अशा. दोन दारांच्या. इस्पितळात तुम्ही किती बसवल्यात?"

हा विचार पोस्टमनने केलाच नव्हता. सोमवार दुपारपासून आत्तापर्यंत तो फक्त स्वतःबद्दल विचार करत होता, स्वतःचं नाव, स्वतःची चूक, स्वतःची कबुली. रात्रभर जागला तोही स्वतःसाठीच.

"पाच," तो म्हणाला. "ही धरून. लसींचा फ्रीज. रक्ताचा. औषधांची कोठी. तपासणीची लॅब."

"त्यांच्या ओळी?"

"इथूनच उचलून चिकटवल्या. निरोपही याच तीन फोनांवर येतात."

मॅडमनी मुठीतला कागद टेबलावर टाकला. "चार महिने?"

"चार महिने."

"आणि झाडताना तिथे वायरी कुणी काढल्या असतील की नसतील..."

"रक्ताच्या खोलीतली मी काढते," मावशी म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. "दर गुरुवारी. लावते परत."

कुणी कुणाला चला म्हटलं नाही. चौघंही जिन्याने खाली उतरली, सिस्टर हातात फोन घट्ट धरून पुढे, पोस्टमन शेवटी. रक्ताच्या खोलीत मोठा फ्रीज भिंतीला टेकून उभा होता. काचेआड पिशव्या ओळीने टांगल्यासारख्या मांडलेल्या. पेटी कोपऱ्यात, हिरवा दिवा लावून. आकडा ठीक होता, अधिक चार. या घटकेला तरी ठीक होता.

"गुरुवारी तुम्ही जशी लावलीत," पोस्टमन मावशींना म्हणाला, "त्यानंतर मी या पेटीला हात लावलेला नाही. आज दाखवा ना एकदा, कुठली काढता आणि कशी लावता. म्हणजे सगळ्यांच्या समोर..."

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमचा काही दोष नाही हे सिद्धच झालंय."

"झालं असेल. मी तुमच्या वायरीला हात लावणार नाही. आज नाही, उद्या नाही. फरशी पुसेन. वायरीपर्यंत पुसेन आणि थांबेन." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "खट्ट वाजलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं मी. आणि तुम्ही म्हणालात म्हणून मी सही केली की नव्हतं वाजलं. माझ्या कानांवर माझाच भरवसा राहिला नाही हो, एका दिवसात. तुमचं तुम्ही करा."

त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि हात पाठीमागे घेतले.

पोस्टमनने फ्रीजचं दार उघडलं, तापमानाची सळई काढली आणि मुठीत धरली. या वेळी वायरीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. गुरुवारपासून आहे तशीच बघायची होती. आकडा चढू लागला. अधिक सात. अधिक बारा. सिस्टरांनी फोन तळहातावर उताणा ठेवला होता. मॅडम ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होत्या.

अधिक बावीस. पेटीचा दिवा हिरवा.

मॅडमचं मोजणं साठच्या पुढे गेलं, नव्वदच्या पुढे गेलं, एकशे वीसवर ओठ हलायचे थांबले. पोस्टमनने सळई परत जागेवर ठेवली, दार लावलं, आणि खिशातून कागद काढून पाच नावं लिहिली. दोन नावांपुढे, दुधाच्या आणि रक्ताच्या, खूण केली. तिसरं नाव लसींच्या फ्रीजचं होतं; कागद हातातच ठेवून तो दाराकडे वळला.